पावसाळ्यात उतरणारा काटा

ब्राह्मणपुरी, ता. शहादे
१४ डिसेंबर १९५८

चि. रूपचंदभाऊ यांस वत्सलावहिनीचा आशीर्वाद.

दोधू टपालवाल्याने परवा तुमचे पाकीट आणून दिले. हातात तोलून म्हणाला, "वैनी, पाकीट जड शे. पोऱ्यानं लगीन जमनं का काय तठे?" मी म्हटले, लग्न नाही, त्याहून मोठे आहे. आता गावभर काय सांगायचे ते सांगो.

तर तुमचा निबंध परिषदेने घेतला! फेब्रुवारीत देशभरातले रेडिओचे शास्त्र जाणणारे लोक तुम्ही शिकता त्या अहमदाबादेत जमणार आणि त्यात आपल्या ब्राह्मणपुरीचे नाव निघणार. बोलायला वेळ मोठ्या लोकांना, आणि तुमच्यासारख्या नव्यांना भिंतीवर जागा, तिथे मोठा तक्ता करून लावायचा, असे तुम्ही लिहिता. त्याला पोस्टर म्हणतात म्हणे. नंदुरबारच्या टॉकीजबाहेर लावतात तसे नसावे अशी आशा करते. सारांश तीनदा टाईप करून घ्यावा लागला आणि तिन्ही वेळा एक-दोन ओळी जास्तच भरल्या, हे वाचून मात्र हसू आले. तुम्हाला लहानपणापासून थोडक्यात सांगता येत नाही.

मला कळले तेवढे पुन्हा लिहिते, चुकले तर सांगा. मी रोज सकाळी आणि दुपारी मुंबईचे स्टेशन लावून रेडिओच्या पेटीवरचा काटा बघते आणि आकडा तुम्हाला कळवते. बाकी वर्षभर सकाळचा आकडा बरा असतो. पावसाळ्याचे चार महिने तो सकाळी खाली बसतो आणि दुपारी वर येतो. पुस्तकात उलट लिहिले आहे, ओल्या जमिनीवरून आवाज जास्त चांगला चालतो. म्हणून ही नवी गोष्ट. यंदा तर काटा पाच महिने खाली बसला, आणि ते सूर्यावरचे डाग वाढल्यामुळे असावे असे तुम्हाला शिकवणारे साहेब म्हणतात. एवढे सगळे आपल्या घरातल्या पेटीतून निघाले! मला तर वाटत होते मी नुसती काट्याची राखण करते आहे.

तुमचे पत्र मी मुद्दाम मोठ्याने वाचले, सासूबाईंना कमी ऐकू येते असे निमित्त करून. सासूबाईंना मुंगीचे पाऊल ऐकू येते हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमचे दादा ओट्यावर बसून बैलाची वेसण वळत होते, त्यांच्यापर्यंत आवाज जायला हवा होता. वाचून झाल्यावर म्हणाले, "छापेल शे का?" मी म्हटले, परिषद झाली की पुस्तक निघते, त्यात छापून येणार. "येई तवय देखू," म्हणाले आणि उठून गेले. पण वेसण तिथेच विसरले.

भाऊ, त्यांचा शब्द तुम्ही विसरला नसाल. गेल्या साली चैत्रात तुम्ही आलात, घराच्या आढ्यापासून परसातल्या निंबापर्यंत तार बांधलीत, मला काटा वाचायला शिकवलेत, आणि आखाजीच्या दिवशी, ऐन अक्षय्य तृतीयेला, जेवायला बसल्यावर दोघे भाऊ भांडलात. "दोन साल देस तुले. तोवर तुन्हं नाव छापीसन वनं त ठीक. नही त सामान ली ये अन् उसमा उभा ऱ्हाय." तुम्ही सांजोरी तशीच टाकून उठलात ते आजतागायत घरी आला नाहीत. येत्या आखाजीला दोन साल भरतात. मला दोघांचाही राग येतो. एक बोलत नाही, दुसरा येत नाही, आणि मध्ये मी नि सासूबाई दोन्हीकडची तोंडे बघत बसतो.

पण आता नाव छापून येणार. सुटलो एकदाचे.

तुमच्या साहेबांचा प्रश्न राहिला. पाऊस थांबल्यावरही काटा खालीच का राहतो, आणि मग एका सकाळी एकदम वर का येतो? पहिल्या साली नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला, यंदा नोव्हेंबर संपत आल्यावर. त्या सुमारास गावात कुठले इंजिन, कुठली गिरणी बंद होते का, असे तुम्ही विचारता. मी सगळीकडे विचारले. तसे काही नाही. पिठाची गिरणी तर बाराही महिने कुरकुरत असते. साहेबांना म्हणावे, डागांनाच विचारा.

तुमची वत्सलावहिनी


ब्राह्मणपुरी
४ जानेवारी १९५९

चि. रूपचंदभाऊ,

आधी बसून घ्या आणि मग हे पत्र वाचा. घरी सगळे खुशाल आहेत. आजारपण नाही, काही नाही. तरी बसा.

काल मी भाकरी थापत होते आणि सासूबाई शेजारी तूर पाखडत होत्या. बोलता बोलता मी म्हटले, भाऊंच्या साहेबांना कोडे पडले आहे, गेल्या साली काटा चार महिने खाली होता आणि यंदा पाच. सुपातून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "यंदा धोंडा व्हता ना. मन्हा नेमबी पाच महिना चालना. जीव कसा दमी गया व्हता माय."

मी हसले. आणि मग माझा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा सासूबाईच ओरडल्या.

भाऊ, तुम्ही सगळे इंग्रजी तारखांनी मागता म्हणून मी तारखांनीच लिहीत आले. मी दोन्ही सालची पंचांगे काढली. पहिल्या साली काटा खाली बसला तो दिवस आषाढी एकादशीचा, वर आला तो कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. यंदाही तेच. मध्ये धोंड्याचा महिना, श्रावण दोनदा आला म्हणून पाच महिने. पावसाचा यात काही संबंध नाही. हा चातुर्मास आहे, आणि तोही सासूबाईंचा.

मी परसात जाऊन वर तारेकडे पाहिले. दोन वर्षे रोज डोळ्यांसमोर होते ते काल पहिल्यांदा उमगले. काखेत कळसा म्हणतात तो असा.

आता सासूबाई त्या तारेवर लुगडे का वाळत घालायच्या ते लिहिते, म्हणजे रागावायच्या आधी तुम्ही वाचाल. तुम्ही न जेवता गेलात, तेव्हा सासूबाईंनी नेम धरला. चातुर्मासात एक वेळ जेवायचे आणि पहाटे अंघोळ करून, कुणाचा हात न लागलेले धुतलेले लुगडे नेसून देवाचे करायचे. रूपचंदचे काम होऊ दे, एवढेच मागणे. आता ते लुगडे वाळत कुठे घालायचे? दोरीवर मुलांचे कपडे, गड्याची घोंगडी, सगळ्यांचे हात. तुमची तार उंच, तिला कुणी शिवत नाही, आणि वर ती तांब्याची. तांबे शुद्ध! देवाची पळी तांब्याची, देवाचे ताम्हन तांब्याचे, मग तार का नको? त्या काठीने लुगडे वर टाकायच्या. ओले नऊवारी लुगडे. त्याचा पदर लोंबून गोठ्याच्या पत्र्याला टेकायचा. दुपारपर्यंत वाळले की त्याच काठीने काढून घ्यायच्या. पाऊस असला तरी तारेवरच, भिजले तर भिजले, पण विटाळ नको.

तुम्ही जाताना बजावले होतेत की तार कशाला टेकता कामा नये, भिंतीला नाही, झाडाला नाही. लुगड्याबद्दल काही बोलला नव्हतात.

तरी मला वाटले, माझी समजूत चुकीची असेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून आज सकाळी मी माझेच लुगडे भिजवून तारेवर टाकले, पदर पत्र्यावर सोडला आणि आत जाऊन पेटी लावली. काटा खाली. बाहेर येऊन लुगडे ओढून काढले. काटा वर. पुन्हा टाकले, पुन्हा खाली. शेजारच्या अनुसयाबाई कुडावरून बघत होत्या, त्यांना वाटले असेल पाटलांची सून बिघडली.

आता काय करायचे ते मला सांगू नका, तुम्ही करा. पण तो तक्ता असा भिंतीवर लागता कामा नये. तिथे बसलेले लोक काही दुधखुळे नाहीत. आज नाही तर उद्या कुणीतरी पंचांग उघडेलच, आणि मग छापलेले नाव पुसता येत नाही.

लगेच उत्तर पाठवा. सासूबाईंना मी काही सांगितलेले नाही.

वत्सलावहिनी


ब्राह्मणपुरी
१ फेब्रुवारी १९५९
तुमच्या दादांच्या हाती

रूपचंदभाऊ,

हे पाकीट कोणी आणून दिले ते बघितलेत ना? आधी त्यांना पाणी द्या. खुर्ची द्या. आल्याबरोबर काही विचारू नका, ते उभ्या उभ्या परत फिरतील. तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे.

माझ्या पत्राचे उत्तर येईना म्हणून मी टपालाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. शेवटी तुमचे कार्ड आले, पण ते माझे पत्र मिळण्याआधीच निघालेले. तुम्ही दक्षिणेत कुठल्याशा केंद्रावर मापे घ्यायला गेलेले, तिथून परस्पर परिषदेला येणार, तक्ता तयार करून साहेबांच्या खोलीत ठेवला आहे, आणि वसतिगृहातले टपाल सगळे आटोपल्यावर बघणार. म्हणजे माझे पत्र तुमच्या दाराशी पडून, आणि तुम्ही तसेच जाऊन तक्ता भिंतीवर लावणार. मला अन्न गोड लागेना.

शहाद्याहून तार करावी म्हटले, तर त्या केंद्राचा पत्ता तुम्ही दिलेला नाही. परिषदेच्या पत्त्यावर करावी, तर लिहू काय? आईचे लुगडे होते, पोस्टर लावू नका? तारमास्तरने मला घरी पोचवायला माणूस दिला असता.

म्हणून परवा मी यांना सगळे सांगितले. उसाच्या चिपाडांजवळ बसून सांगितले, गुऱ्हाळाच्या धुरात, म्हणजे डोळ्यांत पाणी आले तरी चालेल. सगळे ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न काय, तर "मंग नाव छापीसन येवाव नही?"

मी खरे ते सांगितले. म्हटले, आपण गप्प बसलो तर येईलही छापून. पण पुढे कुणी ते खोटे पाडले तर भाऊंना त्या लोकांत तोंड दाखवता येणार नाही, मग ते आपोआप उसात येऊन उभे राहतील. तुम्हाला तेच हवे असेल तर गप्प बसा. मी जरा जास्तच बोलले. पण मला राहवले नाही.

ते कढईकडे वळले. रस उतू जायच्या बेताला आला तेव्हा गड्याला हाक मारली आणि मला म्हणाले, "मी त्यान्हासंगे दोन साल व्हयनात बोलनू नही." मी म्हटले, बोलू नका, नुसते पत्र द्या. तेव्हा म्हणाले, "गुऱ्हाय सुकलालकाका देखी. मन्हा धुवेल आंगरखा काढ."

भाऊ, गुऱ्हाळ चालू असताना हा माणूस म्हसावदच्या बाजारालाही जात नाही. त्यांच्या चुलत बहिणीच्या लग्नालासुद्धा गेले नव्हते. शहाद्याहून मोटार, नंदुरबारहून आगगाडी, सुरतेला बदलायची, हे त्यांना मी तीनदा सांगितले आणि त्यांनी तिन्ही वेळा "माले माहीत शे" म्हटले. ते कधी सुरतेच्या पुढे गेलेले नाहीत.

भाकरी-ठेचा बांधून दिला आहे. तुमच्यासाठी सांजोऱ्याही आहेत. आखाजी नाही तरी केल्या. यांनी त्या दडवून ठेवल्या तर मागून घ्या.

जुने पत्र पोचलेले नसेल, म्हणून त्यातला लुगड्याचा सगळा मजकूर वेगळ्या कागदावर पुन्हा उतरवून आत घातला आहे. पाकीट भाताच्या शिताने चिकटवले आहे. हे वाचणार नाहीत. वाचले तर वाचू देत.

वत्सला


ब्राह्मणपुरी
१२ फेब्रुवारी १९५९

चि. रूपचंदभाऊ,

जीव भांड्यात पडला! हे परवा घरी पोचले. नव्या जोड्याने पायाला फोड आले आहेत, त्यावर एरंडाचे पान बांधून बसले आहेत आणि सांगत काही नाहीत. एकेक शब्द मला विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढावा लागला. मिळाले तेवढे लिहिते. त्यात खरे किती ते तुम्ही कळवा.

हे म्हणतात की दारावरचा माणूस यांना आत सोडेना, तेव्हा यांनी "मन्हा भाऊनं पोस्टर शे" एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले. गुजराती-अहिराणी काहीतरी मिसळून सांगितले असेल. आत सगळीकडे भिंतीला कागद आणि कागदांवर नागमोडी रेघा. तुम्ही कुणाचा तरी सैल कोट घालून आपल्या तक्त्याजवळ उभे होतात आणि तुमचे साहेब चार पाहुण्यांना त्यातली पावसाळ्याची रेघ छडीने दाखवत होते. यांनी पुढे होऊन तुमच्या हातात पाकीट दिले. तुम्ही "दादा" म्हणालात.

मग तुम्ही पत्र वाचलेत. पुन्हा वाचलेत. पुढे, हे म्हणतात, तुम्ही रडलात. तुम्ही म्हणाल, दादा रडले. मला दोघांचेही खरे वाटते.

यानंतरचे मात्र यांनी न विचारता सांगितले. म्हणाले, तुम्ही साहेबांना बाजूला नेले नाहीत, त्या पाहुण्यांसमोरच सांगितलेत. साहेबांचा चेहरा आधी उतरला, त्यांना राग आला, आणि तो येणारच, दोन वर्षे त्यांनीही त्या रेघेवर जीव टाकला होता. मग तुम्ही लुगड्यापर्यंत आलात, तेव्हा त्यांनी तोंडावर रुमाल धरला. एका मद्रासच्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने ते वस्त्र किती लांब असते ते विचारले. तुम्हाला सुचेना. हे मागून म्हणाले, "नऊ वार." त्या म्हाताऱ्याने ते लिहून घेतले. त्या सगळ्या परिषदेत तुमच्या दादांचे एवढेच भाषण झाले, पण त्याची ऐट अजून उतरलेली नाही.

आणि मग तुम्ही पाते मागून घेतलेत आणि तक्त्यातला पावसाळ्याचा सगळा भाग आपल्या हाताने कापून काढलात. उरलेल्या जागेवर शाईने लिहिलेत की या महिन्यांतली सकाळची मापे सदोष आहेत, तारेवर ओले कापड होते, ती कुणी वापरू नयेत. हे सांगताना यांनी हवेत बोटाने कापून दाखवले. दोनदा दाखवले. त्यांच्या मनातून ते जात नाही.

भाऊ, तुम्हाला किती लागले असेल ते मी समजते. दोन वर्षांच्या मेहनतीतले दूध गेले आणि हाती ताक राहिले. पण ते ताक आपले स्वच्छ आहे. मला खरोखर इतके हलके वाटते आहे की आज कारण नसताना गोडाचा शिरा केला. खोटे पकडले जाण्याची वाट बघत तुम्ही जन्म काढला असता, आणि मी इथे तारेकडे बघत.

सासूबाईंना सांगायचे नव्हते. पण हे घरात पाऊल टाकताच बोलून गेले. त्या उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "मन्हा नेममुये त्यानं काम मोडनं?" मी त्यांच्याजवळ बसून सांगितले, आई, मोडले नाही. तुम्ही धोंड्याचे बोललात म्हणून तर कळले, नाहीतर सगळेच बुडत होते. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितले. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग देवनं आयकं म्हणावं." आणि उठून गाईला चारा घालायला गेल्या. आता पुढच्या नेमाला लुगडे कुठे घालायचे यावर त्यांचा नि यांचा वाद चालू आहे.

एक गोष्ट यांनी शेवटी सांगितली. साहेबांनी तुमचा निबंध छापायच्या पुस्तकातून काढायला लावला. पुढच्या साली नवी मापे घेऊन पुन्हा पाठवा म्हणाले. म्हणजे नाव छापून येणार नाही. हे मला सांगून यांनी पायाचे पान सोडून पुन्हा बांधले, आणि त्या दोन सालांच्या शब्दाचे मी काढले नाही. आखाजीला अजून अवकाश आहे. तोवर मी रोज काटा बघते आहे, आणि आता आधी परसात जाऊन तार बघते, मग पेटी लावते.

तुमची वत्सलावहिनी


ब्राह्मणपुरी
१ मे १९५९

चि. रूपचंद यास भाईदासचा आशीर्वाद.

तुझी वहिनी मुलांना घेऊन आखाजीला माहेरी कळसाडीला गेली. जाताना काटा वाचायचे काम मला लावून गेली. चार दिवस वाचतो आहे. पहिल्या दिवशी मला स्टेशनच सापडेना, आईने कान लावून सांगितले की हेच. आकडे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत घातले आहेत. ते बरोबर आहेत. आई बरी आहे. झोके बांधायला निंबाची फांदी साफ केली तेव्हा तुझी तार मी नीट आवळली, सैल झाली होती.

मला पत्र लिहायची सवय नाही. शहाद्याच्या बाजारात कापूस विकला की हिशेबाच्या पट्टीवर सही करतो तेवढेच माझे लिहिणे. तुझी वहिनी असती तर तिच्याकडून लिहून घेतले असते, पण हे तिच्याकडून लिहून घ्यायचे नाही, म्हणून ती गेल्यावर बसलो आहे.

तुझा शब्द तू पाळणार हे मला माहीत आहे. नाव छापून आले नाही, म्हणून तू येणार. मीच तसे बोललो होतो, सगळ्यांच्या देखत बोललो होतो, ते काही मी नाकारत नाही.

पण मी अहमदाबादेत जे पाहिले ते तुला सांगतो. आपल्याकडे गाडीत कापूस भरतात तेव्हा खाली ओला माल घालतात आणि वर कोरडा पसरतात. कोण घालत नाही? आपल्या वडिलांनीही घातला आहे. व्यापारी हात खुपसून ओला माल काढतो आणि मग भांडण होते. इतकी वर्षे मी बाजारात जातो, पण भर बाजारात, गिऱ्हाईक समोर उभे असताना, आपल्याच गाडीतून आपल्या हाताने ओला कापूस काढून टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो तिथे पाहिला. तो आपला आहे म्हणून मला छाती भरून आली. तेव्हा बोलता आले नाही. गाडीत बसल्यावर बोलावेसे वाटले, पण तेव्हा तू नव्हतास.

ऊस मी आणि सुकलालकाका बघतो. दोन गडी आहेत. पाणी यंदा बरे आहे. तुझ्या वाट्याचे काय ते तुझ्या नावाने राहील, त्यात तू पडू नको.

आखाजीला ये. आईने सांजोऱ्यांचा रवा काढून ठेवला आहे. पण सामान आणू नकोस. ट्रंक आणू नकोस, पुस्तके आणू नकोस, वसतिगृहातली ती खोली सोडू नकोस. चार दिवसांच्या कपड्यांची एक पिशवी घेऊन ये, आणि जेवून परत जा.

भाईदास